उंची चाकू बनवणाऱ्याने मल्टिटूल काढावं का?

एकाच पात्याचा, खिशात मावणारा, पण हातात घेताच वेगळा जाणवणारा चाकू बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या जगात आहेत. त्यांच्या ग्राहकांकडून एक मागणी सतत होत असते: पातं एवढं सुरेख बनवता, तर त्याला एक स्क्रूड्रायव्हर, एक कात्री आणि जमलं तर पक्कडही जोडा की! मागणी रास्त आहे. पार्सल उघडताना चाकू लागतो, पण त्या पार्सलमधली वस्तू जोडायला स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि तेव्हा खिशातला महागडा चाकू काही कामाचा नसतो.

तरीही बहुतेक उंची चाकूवाले त्या वाटेला जात नाहीत, आणि गेलेल्यांपैकी काही परत फिरले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या स्पायडर्को कंपनीने स्पायडरेंच नावाचं हत्यार काढलं होतं. चाकू, पाना आणि पक्कड एकत्र, शिवाय मधोमध दोन भागांत सुटं होणारं. कल्पना धाडसी होती, पण पुढे ते बंद झालं.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. उंची चाकू बनवणाऱ्याने बहुकामी चाकू, म्हणजे पात्याच्या जोडीला दोन-तीन हत्यारं असलेला चाकू, जरूर काढावा, पण पक्कडवालं मल्टिटूल, म्हणजे पक्कडीच्या मुठींत बाकी हत्यारं मिटणारं अवजार, काढू नये. या दोन वस्तू दिसायला भावंडं वाटतात, पण त्यांचं यंत्रशास्त्र वेगळं आहे, आणि सगळा निर्णय त्या फरकावर ठरतो. तो फरक समजून घ्यायचा तर चाकू उघडून आत डोकवावं लागेल.

चाकूतून आलेलं आणि पक्कडीतून आलेलं

घडीच्या हत्यारात अनेक कामं कोंबायची हौस फार जुनी आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं एक घडीचं हत्यार आहे, साधारण तिसऱ्या शतकातलं. त्यात चमचा, काटा, टोचणी, चपटी पळी आणि चाकू असं सगळं आहे. बाकीचं अंग चांदीचं म्हणून टिकलं आणि पातं लोखंडाचं म्हणून गंजून गेलं. प्रत्येक कामाला वेगळा धातू लागतो हे त्या कारागिरालाही ठाऊक होतं. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आजच्या बहुकामी चाकूचा जन्म स्वित्झर्लंडचा. तिथल्या सैन्याने १८८९ची श्मिट-रुबिन रायफल स्वीकारली. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा आणि जेवणाचे डबे फोडायला ओपनर. म्हणून सैनिकाच्या चाकूत पातं, ओपनर, स्क्रूड्रायव्हर आणि भोक पाडायची आरी अशी चार हत्यारं ठरली. एवढे चाकू बनवण्याची ताकद तेव्हा स्विस कारागिरांकडे नव्हती, त्यामुळे पहिली तुकडी जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली. इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्यांच्या कारखान्याचं पुढे व्हिक्टोरिनॉक्स झालं.

एल्सनर यांची खरी करामत १८९७च्या ऑफिसर चाकूत दिसते. घडीच्या चाकूच्या पाठीत पोलादाची एक चपटी पट्टी असते, तिला पाठस्प्रिंग म्हणू. पात्याच्या बुडाशी ही पट्टी दाबून बसते, म्हणून पातं उघडल्यावर उघडं आणि मिटल्यावर मिटलेलं राहतं. तोवर या पट्टीची एकच बाजू कामाला यायची. एल्सनर यांनी तीच पट्टी दुसऱ्या बाजूनेही वापरली आणि पाठीकडून उघडणारी हत्यारं बसवली. दोन पट्ट्यांवर सहा हत्यारं मावली, आणि चाकू सैनिकाच्या चाकूपेक्षा हलका झाला. बहुकामी चाकूत कौतुक करायचं ते जागेच्या अशा काटकसरीचं. हत्यारांचा आकडा कोणीही वाढवू शकतो.

दुसरी वाट अमेरिकेतून आली. टिम लेदरमन १९७५मध्ये पत्नीसोबत एका जुन्या, सतत बिघडणाऱ्या फियाट गाडीतून युरोपात फिरत होते. खिशात चाकू होता, पण गाडी दुरुस्त करताना आणि हॉटेलातले गळके नळ आवळताना त्यांना पक्कड हवीशी वाटायची. घरी परतल्यावर त्यांनी पक्कड असलेला खिशातला चाकू बनवायला घेतला आणि त्यात काही वर्षं गेली. चाकू कंपन्यांकडे गेले तर उत्तर मिळे की हे अवजार आहे, आम्ही अवजारं विकत नाही. अवजारांच्या कंपन्यांना ते नुसतं खेळणं वाटे. शेवटी १९८३मध्ये मित्रासोबत त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली. वर्षाला चार हजार नग खपावेत अशी अपेक्षा होती, १९८४मध्ये जवळपास तीस हजार खपले.

चाकू कंपन्यांच्या त्या नकाराला अदूरदृष्टी म्हणण्याची पद्धत आहे. मला तो नकार पूर्ण चुकीचा वाटत नाही. लेदरमन यांनी बनवलेली वस्तू खरोखरच अवजार होती: मधे पक्कड, आणि तिच्या दोन मुठींच्या पोकळीत बाकी सगळं. त्यातल्या चाकूपर्यंत पोचायला आधी मूठ उघडावी लागे. ही अडचण दूर व्हायला १९९८ उजाडावं लागलं. त्या वर्षी आलेल्या वेव्ह या मॉडेलमध्ये मूठ मिटलेली असतानाच बाहेरून, एका हाताने पातं उघडता येऊ लागलं. चाकूवाल्या ग्राहकाला अशी वस्तू जवळची वाटायला पंधरा वर्षं गेली.

उंची चाकूत पैसे कशाचे पडतात

विचारलं तर बहुतेक जण पोलादाचं नाव सांगतील. पोलाद महाग असतंच, पण पोलाद विकत आणता येतं. विकत न मिळणारी गोष्ट पिव्होटमध्ये असते, म्हणजे पातं ज्या खिळ्याभोवती फिरतं त्या जागी.

क्रिस रीव्ह नाइव्ह्ज या अमेरिकन कंपनीचा सेबेंझा हा चाकू घ्या. साध्या घडीच्या चाकूत पिव्होटचा स्क्रू जास्त आवळला की पातं जड फिरतं, सैल सोडला की पातं डावी-उजवीकडे हलतं. वापरणारा आयुष्यभर या दोहोंच्या मधली जागा शोधत राहतो. सेबेंझामध्ये पात्याच्या भोकात एक बारीक पोलादी नळी बसवलेली असते. पात्याची जाडी आणि दोन्ही बाजूंचे ब्राँझचे वॉशर मिळून जितकी उंची होते, त्यापेक्षा ही नळी अगदी किंचित लांब असते. स्क्रू पूर्ण आवळला तरी दाब नळीवर येतो, पात्यावर येत नाही. पातं मोकळं फिरतं आणि हलतही नाही. हे ‘किंचित’ किती असावं यातच सगळी कारागिरी आहे. जास्त झालं तर पातं खडखडेल, कमी झालं तर अडकेल. चाकू पूर्ण खोलून, पुसून, पुन्हा जोडा, स्क्रू घट्ट आवळा, आणि पातं आधीसारखंच फिरतं.

लॉकचंही, म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणाऱ्या अडणीचंही, असंच. क्रिस रीव्ह यांनीच रूढ केलेल्या फ्रेम लॉकमध्ये मुठीच्या टायटॅनियम पट्टीचाच एक भाग कापून स्प्रिंगसारखा आत वाकवलेला असतो आणि तो पात्याच्या बुडामागे येऊन अडतो. तो नेमका किती आत यावा, बुडाचा उतार किती अंशांचा असावा, हे ठरवणं आणि प्रत्येक नगात तेच राखणं, याचे पैसे ग्राहक देतो.

थोडक्यात, उंची चाकू म्हणजे नेमकेपणाने बसवलेला एक सांधा. आता याच कंपनीला आपण म्हणतो आहोत की सांधे दहा करा.

एकाचे दहा झाले की

एक साधा हिशेब करून पाहू. समजा कारखाना प्रत्येक भागाची जाडी ०.०२ मिलिमीटरच्या चुकीत राखतो. एका पात्याच्या चाकूत पिव्होटवर पातं आणि दोन वॉशर असे तीन थर असतात. सगळ्या चुका एकाच दिशेने झाल्या तरी एकूण फरक ०.०६ मिलिमीटर, साधारण एका केसाएवढा. आता आठ हत्यारं शेजारी शेजारी बसवा आणि त्यांच्यामध्ये व दोन्ही कडांना पातळ पत्रे घाला. थर सतरा झाले. तीच चूक सतरा वेळा साठली तर ०.३४ मिलिमीटर होते. एवढी फट डोळ्यांना दिसते आणि बोटांना त्याआधीच जाणवते.

प्रत्यक्षात सगळ्या चुका एकाच बाजूला जात नाहीत, काही एकमेकींना खोडतात. पण दुसरी अडचण त्याहून चिवट आहे. ही सगळी हत्यारं एकाच खिळ्यावर असतात. पातं थोडं हलतं म्हणून स्क्रू आवळला की शेजारची कानस जाम होते. कानस मोकळी केली की पातं पुन्हा हलतं. बरीच वर्षं मल्टिटूल वापरलेल्या माणसाला हा खेळ पाठ असतो. सेबेंझातली नळीची युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही, कारण नळी एका पात्यासाठी मापून घेतलेली असते.

व्हिक्टोरिनॉक्स यातून वेगळ्या वाटेने सुटतं. त्यांच्या चाकूत स्क्रूच नसतो, पितळी खिळे ठोकून बसवलेले असतात, आणि प्रत्येक हत्याराला आपापल्या थरातल्या पाठस्प्रिंगचा दाब मिळतो. स्विसचॅम्प या त्यांच्या प्रसिद्ध मॉडेलमध्ये ३३ कामं, ६४ सुटे भाग आणि साडेचारशेहून अधिक उत्पादन-टप्पे आहेत, तरी वजन १८५ ग्रॅम. हा चाकू उंची म्हणून विकला जात नाही, पण मला विचाराल तर त्यातली अभियांत्रिकी अनेक महागड्या चाकूंपेक्षा सरस आहे. मात्र ती साच्यांवर आणि प्रचंड संख्येवर उभी आहे. पत्र्यातून भाग ठोकून काढणारा साचा महाग पडतो, आणि लाखो भाग काढले तरच तो परवडतो. उंची चाकूवाला छोट्या तुकड्यांत, एकेक भाग यंत्रावर कोरून काढतो. त्याने ६४ भाग तसे कोरायचे ठरवले तर किंमत कुठल्या कुठे जाईल.

एकच पोलाद सगळ्यांना चालत नाही

व्हिक्टोरिनॉक्स आपल्या हत्यारांचं काठिण्य उघडपणे सांगतं. ते रॉकवेल मापात मोजतात, आकडा जितका मोठा तितकं पोलाद कडक. त्यांच्या पात्यांचं काठिण्य ५६, करवत, कात्री आणि नखांच्या कानशीचं ५३, स्क्रूड्रायव्हर, डबा-ओपनर आणि आरीचं ५२, कॉर्कस्क्रू आणि स्प्रिंगांचं ४९. एकाच चाकूत चार वेगवेगळी मापं. नवख्याला वाटेल की सगळंच ५६ का करत नाहीत?

कारण कडक पोलाद धार टिकवतं, पण पिळलं की मोडतं. पोलादाला पाणी देणाऱ्याला, म्हणजे ते तापवून, निववून कडक करणाऱ्याला, हा सौदा रोजच करावा लागतो: काठिण्य वाढवलं की चिवटपणा कमी होतो. पात्याला चिरायचं असतं, त्याच्यावरचा जोर धारेच्या दिशेने येतो, त्याला कडकपणा मानवतो. स्क्रूड्रायव्हरला पिळायचं असतं. स्क्रू घट्ट बसलेला असला की सगळा जोर टोकाच्या दोन कोपऱ्यांवर येतो, आणि पोलाद फार कडक असेल तर त्या कोपऱ्याचा टवका उडतो. स्प्रिंगला हजारो वेळा वाकून परत यायचं असतं, म्हणून ती सर्वांत मऊ.

उंची चाकूंतली आजची पोलादं ६० ते ६४ रॉकवेलपर्यंत नेतात. क्रुसिबल कंपनीचं एस३०व्ही २००१च्या सुमारास आलं, लॅरिन थॉमस यांनी घडवलेलं मॅग्नाकट २०२१मध्ये आलं. दोन्ही भुकटीपासून बनतात, म्हणजे वितळलेल्या धातूचे बारीक कण करून ते दाबून एकजीव केले जातात, आणि त्यामुळे आतली रचना सारखी राहते. पात्याला ही पोलादं उत्तम. त्यांचाच स्क्रूड्रायव्हर बनवला तर जाहिरातीत छान दिसेल, वापरात पैसे वाया जातील. स्क्रूड्रायव्हरसाठी अवजारांचं साधं, चिवट पोलादच घ्यावं आणि ग्राहकाला तसं सांगावं. पण ‘सगळी हत्यारं त्याच महाग पोलादाची’ असं लिहिण्याचा मोह कंपनीला होणार, हे मी गृहीत धरतो. तो टाळण्याइतका प्रामाणिकपणा नसेल तर या धंद्यात उतरूच नये.

एका पात्याच्या कारखान्यात एक पोलाद, पाणी द्यायची एक रीत. बहुकामी चाकूत दोन-तीन पोलादं आणि तेवढ्याच रीती. छोट्या कारखान्याला हा बदल नव्या हत्याराच्या नक्षीपेक्षा जास्त जड जातो.

पक्कडीचं गणित

आता त्या वस्तूकडे येऊ, जिला मी नको म्हणतो आहे.

पक्कड म्हणजे तरफ. हाताचा जोर सांध्यापासून दहा सेंटिमीटरवर पडतो आणि जबडा सांध्यापासून दोन सेंटिमीटरवर पकडतो असं धरा. जोर पाचपट होतो. मुठीवर तीस किलोचा दाब दिला तर जबड्यात दीडशे किलो येतात, आणि मधल्या खिळ्यावर त्या दोहोंची बेरीज, एकशे ऐंशी किलो. तार तोडायची खाच सांध्याच्या आणखी जवळ असते, तिथे तर जोर दहापटीच्या घरात जातो.

चाकूच्या पिव्होटवर साध्या कापण्यात एवढा भार कधीच येत नाही. चाकूच्या सांध्याला गुळगुळीतपणा हवा असतो, पक्कडीच्या सांध्याला भार सोसायचा असतो. पंचवीस वर्षं पहिल्या प्रकारचा सांधा घडवत आलेल्या कारागिराला दुसरा प्रकार जवळपास नव्याने शिकावा लागतो.

त्यातून टायटॅनियमची पंचाईत. उंची चाकूची मूठ म्हटली की टायटॅनियम, ग्राहकही तेच मागणार. टायटॅनियमचं वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त भरतं, गंजत नाही, हाताला छान लागतं. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या साधारण निम्माच आहे. त्याच आकाराची मूठ टायटॅनियमची केली तर तेवढ्याच जोराला ती जवळपास दुप्पट लवते. चाकूच्या मुठीत हे कळतही नाही, फ्रेम लॉकमध्ये तर तो लवचीकपणा कामीच येतो. पक्कडीच्या मुठीत मात्र हाताची बरीचशी चाल जबडा आवळण्याऐवजी मूठ लवण्यात जाते. लेदरमनच्या चार्ज मालिकेतल्या टायटॅनियमच्या मॉडेलात सांगाडा पोलादाचाच असतो आणि टायटॅनियम फक्त वरच्या पट्ट्यांना. उंची चाकूवाल्याने संपूर्ण टायटॅनियमची मूठ करायचा हट्ट धरला तर ती जाड करावी लागेल, आणि मग वजनात वाचवलेलं सगळं परत जाईल.

वजनावरून आठवलं. वेव्ह प्लस हे पक्कडवालं मल्टिटूल २४१ ग्रॅमचं आहे. चांगला एका पात्याचा चाकू साधारण त्याच्या निम्म्या वजनात बसतो आणि दिवसभर खिशात जाणवत नाही. २४१ ग्रॅमची वस्तू पट्ट्याला म्यान लावून वागवावी लागते. उंची चाकू घेणारा माणूस तो रोज खिशात ठेवतो, अधूनमधून काढून उघडतो, मिटतो, धार पाहतो. म्यानात गेलेल्या वस्तूशी ती जवळीक राहत नाही.

आणखी एक वस्तुस्थिती आहे. चांगल्या पोलादाचं पातं पक्कडवाल्या मल्टिटूलमध्ये बसवायचं काम आधीच होऊन गेलंय. लेदरमनने चार्जमध्ये एस३०व्ही वापरलं आणि २०२३च्या आर्क या मॉडेलमध्ये थेट मॅग्नाकट दिलं, तेही एका हाताने उघडणाऱ्या, चुंबकाने मिटणाऱ्या बांधणीत. तार तोडायच्या धारा खराब होतात म्हणून काही मॉडेलमध्ये त्या बदलताही येतात. हे सगळं चाळीस वर्षांच्या अनुभवातून आणि प्रचंड खपातून आलेलं आहे. नव्याने येणाऱ्या चाकूवाल्याकडे तिथे देण्यासारखं फक्त नाव उरतं.

नावावर विकायचा एक सोपा मार्गही आहे: दुसऱ्याकडून बनवून घ्यायचं आणि आपला शिक्का मारायचा. हे मला अजिबात पटत नाही. ज्या ग्राहकाने तुमच्या सांध्याच्या नेमकेपणासाठी एवढे पैसे मोजले, त्याला दुसऱ्याचा सांधा तुमच्या नावाने देणं ही फसवणूकच आहे, मग खोक्यावर बारीक अक्षरात काहीही लिहिलेलं असो.

मग काय बनवावं

लोक खिशातली हत्यारं खरोखर कशासाठी वापरतात याचा विचार केला तर तीन कामं फार वर येतात: चिरणं, बारीक कापणं आणि स्क्रू फिरवणं. पातं, कात्री, स्क्रूड्रायव्हर. चौथं हत्यार घालायची इच्छा होईल तेव्हा स्विस सैनिकाची यादी आठवावी. तिथे प्रत्येक हत्यारामागे रोजचं ठरावीक काम होतं. कॉर्कस्क्रू ऑफिसर चाकूत आला, आणि तो चाकू सैन्य देत नसे, अधिकारी स्वतः विकत घेत.

बांधणी दोन मजली असावी. मुख्य पातं एका टोकाला, त्याचा स्वतःचा पिव्होट, स्वतःची नळी, म्हणजे कंपनीचं जे मूळ कसब आहे ते तसंच्या तसं. कात्री आणि स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या मजल्यावर, विरुद्ध टोकाला, वेगळ्या खिळ्यावर. एक आवळल्याने दुसरं जाम होणार नाही. थरांची बेरीजही आटोक्यात राहते, कारण कोणत्याही एका खिळ्यावर दोनपेक्षा जास्त हत्यारं नाहीत. जाडी पंधरा मिलिमीटरच्या आत आणि वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत राहिलं पाहिजे. त्यापुढे गेलं तर खिशातली जागा गेली आणि सगळा खटाटोपच व्यर्थ.

कात्रीवर मात्र मनापासून कष्ट घ्यावेत. ती सर्वांत अवघड आहे आणि उंची कारागिराला खरी संधी तिथेच आहे. कात्रीची दोन पाती सपाट एकमेकांना चिकटून चालत नाहीत. ती किंचित बाकदार असतात, त्यामुळे कापताना फक्त एका बिंदूवर एकमेकांना टेकतात, आणि तो बिंदू बुडापासून टोकाकडे सरकत जातो. बाक कमी पडला तर टोकाशी दोरा कापायच्या ऐवजी दोन पात्यांत दुमडतो. बाक जास्त झाला तर पाती घासून धार खातात. मोठ्या कात्रीत हे सांभाळणं सोपं, कारण लांबी भरपूर असते. तीन सेंटिमीटरच्या पात्यात आणि दोन-तीन मिलिमीटरच्या जागेत हे बसवायचं म्हणजे पिव्होटइतकंच नेमकं काम आहे. खिशातल्या कात्र्या बहुतेक वेळा कागदावर ठीक चालतात आणि सुटलेल्या धाग्यावर फसतात. धागा टोकाशी एका चिमटीत स्वच्छ कापणारी घडीची कात्री कोणी बनवली, आणि ती दोन वर्षांनीही तशीच चालली, तर तिचे जास्त पैसे मागण्याचा त्याला हक्क आहे.

स्क्रूड्रायव्हरबद्दल थोडक्यात सांगतो. टोक बदलता यावं, आणि ते सगळीकडे मिळणाऱ्या मापाचं असावं. टोक झिजतं, ही झिजायचीच वस्तू आहे. स्वतःच्या खास आकाराचं टोक काढून ग्राहकाला बांधून ठेवणं मला आवडत नाही.

कायद्याचा विचारही बांधणीतच करावा लागतो. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धार असलेला, लॉक न होणारा घडीचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. लॉक होणारा चाकू मात्र सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी नेता येत नाही, मल्टिटूलमधल्या पात्यालाही तोच नियम. उंची चाकूवाल्याला ज्या लॉकचा सर्वाधिक अभिमान, तेच तिथे आडवं येतं. बहुकामी चाकू पाठस्प्रिंगचा, म्हणजे लॉकविना बनवला तर त्याला मोठं जग खुलं होतं. व्हिक्टोरिनॉक्सने तर २०२४मध्ये पातं नसलेल्या खिशातल्या हत्यारावर काम चालू असल्याचं सांगितलं, कारण अनेक देशांत चाकूचे नियम कडक होत चाललेत. माझी पसंती लॉकविना बांधणीलाच आहे. सुरक्षिततेसाठी पातं मिटताना मध्ये एकदा थांबेल अशी खाच बुडाला ठेवता येते, आणि मिटताना होणारी ती टिकटिक नेमकी करण्यात कारागिराचा हात पुन्हा दिसतो.

राहिला प्रश्न दुरुस्तीचा, आणि माझ्या मते अनेक कंपन्या इथेच अडकतील. एका पात्याचा चाकू दुरुस्तीला येतो तो बहुधा धार लावायला. बहुकामी चाकू येईल तो कात्रीची स्प्रिंग तुटली म्हणून, स्क्रूड्रायव्हरने रंगाचा डबा उचकटताना खिळा वाकला म्हणून, आतल्या मजल्यात चिकट कचरा साठला म्हणून. हत्यार जोडलं की लोक ते राबवणार, आणि राबवायलाच हवं. म्हणून तो पूर्ण खोलता यावा, ठोकलेल्या खिळ्यांऐवजी स्क्रू असावेत, आणि कात्रीची स्प्रिंग घरच्या घरी बदलता यावी. पहिली तुकडी विकायला काढण्याआधी पुढच्या पंधरा-वीस वर्षांना पुरतील इतक्या स्प्रिंगा, वॉशर आणि कात्रीची पाती वेगळी बनवून ठेवावीत, कारण छोट्या कारखान्यात त्या भागांसाठी यंत्रं पुन्हा तशीच लावता येतीलच याची खात्री नसते. एवढा साठा करून ठेवायला पैसे नसतील तर त्या वर्षी एका पात्याचाच नवीन चाकू काढावा आणि बहुकामी चाकूचं काम नमुन्याच्या टेबलावर चालू ठेवावं.